नऊ नंबरचा म्हसोबा

अर्जुना बिराप्पा गडदे एक जूनला जन्मला, असं त्याच्या दाखल्यावर आहे. आटपाडीकडच्या त्या शाळेत त्या वर्षी नाव घातलेली सगळीच पोरं एक जूनला जन्मली होती. मास्तरांना दुसरी तारीख सुचली नाही. त्यामुळं दोन हजार पंचवीस सालच्या एकतीस मे रोजी अर्जुना साठीचा होऊन नोकरीतून मोकळा होणार, हेही त्या मास्तरांनीच ठरवून ठेवलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

नोकरी पाणीपुरवठा संस्थेतली. संस्थेचं पूर्ण नाव पाटीवर दोन ओळींत कसंबसं मावतं, म्हणून गाव तिला नुसतं ‘स्कीम’ म्हणतं. कृष्णेतून तीन मोटरींनी पाणी उचलायचं, टेकावरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून जमिनीखालच्या पाईपांतून साडेआठशे एकर उसाला सोडायचं, एवढंच तिचं काम. टाकीपासून शेवटच्या माळापर्यंत एकसष्ट व्हॉल्व्ह आहेत. गाव त्यांना ‘वॉल’ म्हणतं. कुणाची पाळी कधी आणि त्यासाठी कुठला वॉल किती आटे फिरवायचा, हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. अर्जुना सदतीस वर्षं पाटकरी होता. खांद्यावर पाच फुटी लोखंडी चावी टाकून सायकलवरून जाणारा अर्जुना हे गावातलं सर्वांत नेमाचं वाहन; एसटीचा नंबर त्याच्यानंतर लागायचा.

तो इथला नव्हे. बाप बिराप्पा दर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोरड्या भागातून कृष्णाकाठाला उतरायचा, रिकाम्या रानात मेंढरं बसवायचा आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य न्यायचा. अठ्ठ्याऐंशी साली तो आला तेव्हा पाईपलाईनचा चर खणणं चाललं होतं आणि मुकादमाला माणसं कमी पडत होती. मेंढरं परत गेली. अर्जुना चरात राहिला. जमिनीत जाणारा पाईप न् पाईप त्यानं डोळ्यांनी बघितला. मग वर माती लोटली, ऊस आला, आणि ते बघितलेली बाकीची माणसं एकेक करून वारली किंवा पुण्याला गेली.

नकाशा होता. अजूनही ऑफिसच्या कपाटात आहे. त्यात पाईपलाईन पट्टीनं ओढल्यासारखी सरळ जाते, कारण ती पट्टीनंच ओढलेली आहे. जमिनीत मात्र ती चार ठिकाणी वळते: एकदा विहिरीमुळं, एकदा खडकामुळं आणि दोनदा भाऊबंदकीमुळं. नकाशावर सही करणारे साहेब खडकापर्यंतसुद्धा आले नव्हते.

अर्जुनाच्या डोक्यातलं कागदावर आणावं, हे गावाला एका मरणामुळं सुचलं. पंपहाऊसचा ऑपरेटर आप्पासो चार वर्षांपूर्वी वारला, आणि तीन नंबरची मोटर चालू होईना. अकरा दिवस झाले. कंपनीचा माणूस येऊन गेला, मिरजेचा मिस्त्री येऊन गेला. शेवटी आप्पासोच्या बायकोनं निरोप धाडला, की पॅनलच्या दाराखाली लाकडाची पाचर मारल्याशिवाय ती मोटर ऐकत न्हाई, असं ते जेवताना म्हणायचे. पाचर शोधली, तर ती पंपहाऊसच्या साफसफाईत कुणीतरी चहाच्या चुलीत घातली होती.

तेव्हापासून चेअरमन हंबीरराव सभेत एक वाक्य हमखास बोलायचे: “माणसाचं डोकं म्हंजे संस्थेचं कपाट नव्हं.” टाळ्या पडायच्या. चार वर्षं नुसत्या टाळ्याच पडल्या. अर्जुनाच्या निवृत्तीला तीन महिने राहिल्यावर हंबीररावांनी आपला पुतण्या वीरधवल याला कामाला लावलं. वीरधवल सांगलीला इंजिनियर झाला होता, पुण्यात दोन वर्षं काढून परत आला होता, आणि घरात त्याच्याबद्दल जरा जपूनच बोललं जाई. त्यानं फोनवर एक तक्ता केला: वॉल नंबर, जागा, किती आटे, कारण.

मार्चभर दोघं हिंडले. पुढं चावी, मागं फोन.

“मामा, हितं तर नुसता ऊस हाय. वॉल कुठाय?”

“तुमच्या बुटाखाली.”

वीरधवल बाजूला झाला. अर्जुनानं चावीच्या टोकानं हातभर माती उकरली. खाली लोखंडी झाकण.

“तुमाला कळतं कसं पण?”

“धनगराला सगळी मेंढरं सारखीच दिसत्यात व्हय? ज्याचं त्याला कळतंय.”

चौतीस नंबरला वीरधवल वैतागला. तिथलं झाकण उघडं, कुलूप तुटलेलं, आजूबाजूला चिखल. फाट्यावरची पोरं स्वतःच चावी करून आणतात आणि पाळी नसताना पाणी फिरवून घेतात, असं अर्जुनानं सांगितलं. नवं कुलूप किती दिवस टिकतं, असं वीरधवलनं विचारलं. “चांगल्यातलं असंल तर दोन दिस,” अर्जुना म्हणाला.

महिनाअखेर तक्त्यात साठ ओळी भरल्या. एक राहिली.

“नऊ कुठाय, मामा? आठ झाला, दहा झाला.”

“बुजला त्यो. मागंच.”

“कवा?”

“झाली की लय वर्सं,” असं म्हणून अर्जुना सायकलवर बसला. सदतीस वर्षांत पाण्याबद्दल तो खोटं बोलल्याची ही पहिलीच वेळ. त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं.

नऊ नंबर बुजलेला नव्हता. तो म्हसोबाच्या खाली होता.

त्या जागी पाईपलाईनला फाटा फुटतो. फाटा उतारानं थोरल्या मळ्यात जातो; तो मळा हंबीररावांच्या भावकीचा. मूळ लाईन चढानं पुढं माळाला जाते, आणि माळावर बेचाळीस खातेदार आहेत, कुणाचा अर्धा एकर, कुणाचा पाऊण. फाट्याचा वॉल पूर्ण उघडला की पाणी उताराचं ऐकतं आणि माळावरच्या तोटीतून नुसता वारा येतो. स्कीम सुरू झाल्यावर चार वर्षं माळावर वाराच येत होता. तक्रारी झाल्या, अर्ज झाले, साहेब येऊन मान हलवून गेले. मग दोन उन्हाळे अर्जुनानं एकट्यानं एक उद्योग केला. नऊ नंबर एक आटा फिरवायचा, सायकलनं दीड मैल माळावर जायचं, धार बघायची, परत यायचं, थोरल्या मळ्याची सरी बघायची, आणखी अर्धा आटा. चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यात त्याला आकडा सापडला. साडेअकरा. बारा आटे उघडले तर माळ सुकतो, अकरा केले तर थोरल्या मळ्याचा मधला तुकडा सुकतो. साडेअकराला दोन्हीकडं ऊस उभा राहतो.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे हंबीररावांच्या वडिलांना जाऊन सांगायचं, की तुमचं पाणी मी कमी केलंय. ते तेव्हा चेअरमन होते, आणि अर्जुना रोजंदारीवर होता.

मळ्यातल्या पोरांना मात्र वॉलवर संशय होता. कुलूप तीनदा तुटलं. चौथ्यांदा अर्जुनानं कुलूप लावलं नाही. ओढ्यातला एक गुळगुळीत धोंडा आणला, तेलात शेंदूर कालवून थापला आणि झाकणावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तिथं कुणीतरी लिंबू ठेवलं होतं. आठवड्यानं नारळाची शेंडी दिसली. वॉलला परत कुणाचा हात लागला नाही. अर्जुना तेवढा अमावस्येला पूजेच्या निमित्तानं देव बाजूला करायचा आणि आटे मोजून घ्यायचा. गाव म्हणायचं, धनगराच्या पोराची भक्ती बघा. लोक त्या देवाला ‘नऊ नंबरचा म्हसोबा’ म्हणू लागले. पुढं वॉल विसरला गेला, नाव राहिलं. उरलेले आठ कुठं आहेत, अशी चौकशी कुणी केली नाही.

पुढं हंबीरराव चेअरमन झाले. शेजारच्या ऋषिराजनं नदीवर स्वतःची मोटर बसवून रानात पाहिजे तेवढं पाणी खेळवलं होतं, आणि दहा वर्षांत ते रान पांढरं पडलं. मीठ वर आलं. हंबीररावांचा मळा तेवढा काळाभोर राहिला. ही म्हसोबाची कृपा, असं ठरवून त्यांनी दोन हजार अकरा साली देवाला फरशीचा चौथरा बांधून दिला. म्हणजे ज्यानं आपलं पाणी रोखून धरलं होतं, त्यालाच त्यांनी सिमेंटनं पक्कं केलं. तेव्हापासून अर्जुनाचाही हात वॉलला पोचत नव्हता. पण साडेअकरा आटे चौदा वर्षं आपले आपण टिकले.

माळावर बनुबाई राहते. नवरा सुभेदार होता. त्याच्यामागं पाऊण एकर ऊस आणि एक कडक जीभ एवढं तिच्याकडं आहे. दर उन्हाळ्यात ती म्हसोबाला नारळ वाढवायची आणि अर्जुनाला भाकरी-ठेचा द्यायची. कशाबद्दल, हे ती बोलली नाही, त्यानंही विचारलं नाही.

एप्रिलच्या मीटिंगमध्ये हंबीररावांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. अर्जुनाचा निरोपसमारंभ थाटात करायचा. आणि त्याआधी म्हसोबाचं शिखराचं देऊळ बांधायला घ्यायचं. पाया पाच फूट, येत्या शनिवारी जेसीबी येणार. “आणि नारळ अर्जुनाच्या हातनं फुटंल,” ते म्हणाले. “देवाची पयली पूजा त्यानंच सुरू केली, हे गाव इसरलेलं न्हाई.”

टाळ्या पडल्या. अर्जुनानं हात जोडले. पाच फुटांत मेन लाईन होती.

घरी त्यानं बायकोला, धोंडुबाईला, सगळं सांगितलं. एकतीस वर्षांत हेही पहिल्यांदाच. ती लसूण सोलत होती.

“देव म्या ठेवलाय गं त्यो.”

“मग? ठेवायला कुणीतरी लागतंयच की. त्यो काय चालत येणार हाय?”

“वॉल झाकायला ठेवलाय.”

“आपल्या धनाजीला ताप भरला, तवा म्या त्यालाच बोलले. पोरगं उठलं का न्हाई?”

“उठलं.”

“मग मला वॉलचं काय सांगताय?”

पण अर्जुनाचा हिशेब देवाशी नव्हता. गप्प बसला तर शनिवारी जेसीबी मेन लाईन फोडणार आणि भर उन्हाळ्यात साडेआठशे एकर कोरडं पडणार. सांगितलं तर हंबीरराव वॉल पूर्ण उघडणार, आणि बेचाळीस जणांचा माळ जाणार. शिवाय निरोपाच्या शालीऐवजी काय मिळेल, याचा अंदाज नव्हता. धोंडुबाईनं सोललेला लसूण वाटीत टाकला. “आवं, कवातरी सांगावंच लागणार हुतं. तुमी काय जन्मभर त्या दगडावर बसून राहणार व्हता?”

गुरुवारी दुपारी तो ऑफिसात गेला. हंबीरराव आणि वीरधवल दोघंच होते.

“आबा, जेसीबी नगं. म्हसोबाखाली वॉल हाय. नऊ नंबर.”

वीरधवलनं फोनवरून मान वर केली. “मामा, बुजलाय म्हणाला न्हवता तुमी?”

“खोटं बोललो.”

मग त्यानं बाकीचंही सांगितलं. मळा, माळ, धोंडा, साडेअकरा. हंबीररावांचा चहा निवला.

“म्हंजे तीस वर्सं तू माझं पाणी तोडतूयास.”

“एकतीस.”

“आणि बोलला न्हाईस.”

“कमी पडलं आसतं तर तुमीच बोलला आसता की, आबा.”

हंबीरराव उठले. “वीरधवल, फरशी काढायला गवंडी बोलीव. जेसीबी ऱ्हाऊ दे. आणि अर्जुना, चावी घिऊन ये. वॉल पुरा उघडायचा. माझ्या हक्काचं पाणी हाय.”

शनिवारी सकाळी गुरवानं देव पाटावर घेतला. गवंड्यानं फरशी काढली. खाली झाकण निघालं, आणि झाकणाखाली वॉल. गाव जमलं होतं. देवळाचा पाया बघायला आलेल्या लोकांना देवाखाली लोखंड निघालेलं दिसलं. अर्जुनानं चावी बसवली आणि हलकेच दाबून बघितली. वॉल गंजलेला नव्हता; फिरला असता. त्यानं दांड्यावर हात ठेवला आणि हंबीररावांकडं बघितलं.

तेवढ्यात बनुबाई पुढं आली. पदर खोचलेला.

“आबा, ह्ये काय काढलंसा देवाखालनं?”

“वॉल हाय, वैनी. मळ्याचा.”

“मग आता काय कराय लागलाय त्येचं?” तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. “तुमच्या मळ्याला पाणी कमी पडाय लागलंय व्हय?”

सगळं गाव हंबीररावांकडं बघू लागलं. एकोणीस वर्षं चेअरमन असलेला माणूस. आपल्या काळ्याभोर मळ्यावर तीन भाषणं केलेला. हो म्हणावं, तर एक पाटकरी एकतीस वर्षं आपलं पाणी रोखत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे भरल्या गावात कबूल करायचं. शिवाय त्याचीच पूजा आपण घातली, हेही.

“कमी?” हंबीरराव म्हणाले. “आमास्नी कवा कमी पडलंय? नुसतं बघाय काढलंय. जुना हाय म्हणून.”

“मग बघून झालं आसंल तर देव बसवा जाग्यावर. ऊन लागतंय त्याला.”

अर्जुनानं चावी काढली. झाकण बसलं, देव बसला. देवळाचा पाया चार हात मागं सरकला, आणि देवापुढच्या फरशीत उचलता येईल असं एक लोखंडी झाकण सोडायचं ठरलं. बाहेरगावच्या माणसाला तिथं पादुका असतील असं वाटेल. जाताना बनुबाई अर्जुनाला म्हणाली, “भाऊ, भाकरी घिऊन जावा सांजच्याला.”

सोमवारी वीरधवलनं राहिलेली ओळ भरायला घेतली. “नऊ नंबर. साडेअकरा आटे. आबा, कारणात काय लिहू?”

हंबीररावांनी बराच विचार केला. “लिव. देवस्थानची पूर्वापार वहिवाट.”

अशा रीतीनं संस्थेच्या इतिहासातली सगळ्यात कामाची गोष्ट एकदाची कागदावर आली, आणि तिचं कारण कागदाबाहेर राहिलं.

अर्जुनाला हे पटलं नाही. नुसता आकडा कुणीही खोडेल; उद्याचा चेअरमन वहिवाट मोडून दाखवायला मुद्दाम पुढं येईल. त्या आठवड्यात त्यानं वीरधवलला सायकलवर मागं बसवून ऋषिराजच्या रानात नेलं. बांधाच्या अलीकडं हंबीररावांचा ऊस पुरुषभर उंच. पलीकडं तीन एकर पांढरं फटफटीत, मधे मधे वेड्या बाभळी. अर्जुनानं एक ढेकूळ उचललं.

“चाटा.”

“काय?”

“चाटा म्हणतूय न्हवं.”

वीरधवलनं जिभेचं टोक लावलं आणि तोंड वाकडं केलं.

“हितं वॉल न्हाई. पाहिजे तेवढं पाणी,” अर्जुना म्हणाला. “नऊ नंबर पुरा उघडला आसता, तर आबांचा मळाबी आसाच चाटाय आला आसता. ह्ये हाय कारण.”

“मग हेच लिहू का तक्त्यात?”

“आबांची सही घ्यायची हाय का न्हाई त्यावर?”

वीरधवलनं फोन खिशात घातला आणि थुंकून तोंड साफ केलं. चव मात्र गावात येईपर्यंत गेली नाही, असं तो नंतर सांगत होता.

एकतीस मेला समारंभ झाला. शाल, नारळ, हंबीररावांचं भाषण. डोकं म्हणजे संस्थेचं कपाट नव्हे, हे वाक्य आलं. आता सगळं कागदावर आहे, हेही आलं. छापून बांधलेली फाईल सगळ्यांनी हातात घेऊन बघितली. उघडून कुणी बघितली नाही. अर्जुनानं चावी वीरधवलच्या हातात दिली. ती किती जड आहे, हे वीरधवलला तेव्हाच कळलं असावं, कारण त्यानं ती लगेच भिंतीला टेकवली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अर्जुना भाजी आणायला सायकलवरून निघाला होता. चौतीस नंबरपाशी तो उतरला. झाकण बंद होतं. चिखल नव्हता. कुलूपही नव्हतं. झाकणावर ओढ्यातला एक गुळगुळीत धोंडा, शेंदूर थापलेला, आणि पुढं एक लिंबू.

अर्जुनानं सवयीनं हात जोडले. मग वाकून शेंदरावरून बोट फिरवलं. बोटाला भुकटी लागली.

वीरधवल पंपहाऊसवर होता, तीन नंबरच्या पॅनलखाली नवी पाचर बसवत. अर्जुनानं दारातूनच शेंदूर लागलेलं बोट दाखवलं.

“तेल कमी पडलंय, साहेब,” तो म्हणाला. “पयल्या सरीला निघून जाईल. तेल जरा जास्त घालत चला.”